चोवीस किलोमीटर, हवामान पाहून

पडदा गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे,
म्हणून फळ्यावर मीच लिहिते, खडूने:
कोर्वो ते फ्लोरेस. अंतर चोवीस किलोमीटर.
उड्डाण पंधरा मिनिटं.
आणि खाली, बारीक अक्षरात: हवामान पाहून.
त्या दोन शब्दांत आमचं निम्मं आयुष्य जातं.

आज गुरुवार.
बेलार्मिनो सोमवारपासून त्याच खुर्चीवर आहे,
गालाला मफलर, तोंडात लवंग.
खालची डावी दाढ.
दातांचा डॉक्टर समोरच्या बेटावर,
समोरचं बेट धुक्यात,
धुकं आमच्या दारात, मांजरासारखं,
आत येत नाही, जातही नाही.
बोटही बांधून ठेवलीय धक्क्याला.

लिस्बनहून आलेला एक पर्यटक नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
हे तर हाकेच्या अंतरावर!
म्हटलं, मारा हाक.

आमची धावपट्टी तुम्ही पाहिली नसेल.
एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला समुद्र,
दोन्ही टोकांनाही समुद्रच.
वैमानिकाला विचार बदलायला जागा नाही.
तो विचार आधीच, वरच्यावर बदलतो:
आवाज येतो, डोक्यावरून फिरतो, पातळ होतो.
आम्ही सगळे छताकडे बघत राहतो,
जणू छतानेच काही केलंय.
मग मी खडू उचलते.

इथे कुणी जन्मत नाही आता.
दिवस भरत आले की बाई बॅग भरते, विमानात बसते,
आणि जन्मगावाच्या रकान्यात दुसऱ्याच बेटाचं नाव लागतं.
आमच्या प्रत्येक पोराचा पहिला प्रवास
म्हणजे घरी येणं.
माझी बेनेडिता नऊ दिवसांची होती.
कागदावर नाव नव्हतं, नुसतं: बाळ, आईसोबत.
पंधरा मिनिटं झोपली ती,
आणि दार उघडल्यावर वाऱ्याची पहिली थप्पड खाऊन
अशी रडली, की चला, म्हटलं, इथलीच.

बेलार्मिनो मात्र विमानाच्या आधीचा.
स्वयंपाकघरात जन्मला, चुलीपाशी,
आणि एकाहत्तर वर्षांत
समुद्र ओलांडायची त्याला गरज पडली नाही
दाढेने पाडेपर्यंत.
काल संध्याकाळी मला म्हणाला, पंधरा मिनिटं म्हणजे किती?
मी म्हटलं, एका गाईची धार.
कुठल्या गाईची? त्याने विचारलं.

तीन वीसला धुकं फाटलं.
फ्लोरेस दिसलं, धुऊन वाळत घातल्यासारखं,
आणि विमान उतरलंसुद्धा.
बेलार्मिनो उठला. मफलर सोडला. गाल दाबून पाहिला.
थांबलं गं, म्हणाला. सकाळपासूनच थांबलंय.
मी त्याच्याकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं,
मागे रांगेत शिक्षिका, टपालाची पोती, एक मधमाश्यांची पेटी.
म्हटलं, मग?
मग काय, तो म्हणाला, निघालोच आहे.
आपलं गाव तिकडून केवढं दिसतं ते तरी बघू.
लाकडी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली,
गाईंना पाणी घाल, म्हणाला,
आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर
टोपी धरून थांबला, मागे न बघता.

पाचला पुन्हा सगळं पांढरं.
फळ्यावर परतीची वेळ लिहिली, पुसली,
खडूचे हात स्कर्टला पुसत चढण चढले.
गाई सात.
सहा गुमान प्यायल्या.
सातवी लाथ मारते, हे त्याने सांगितलं नव्हतं.