वीस ते पन्नास

गांजवे चौकातून आत वळलं की
झेरॉक्सची तीन दुकानं सोडून चौथं माझं.
पाटीवर: ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
त्याखाली मीच खडूने लिहिलंय:
फोटो लहान करून मिळेल, माणूस आहे तेवढाच राहील.
पहिल्या वर्षाची पोरं वाचून हसतात.
बाकीचे वाचत नाहीत.

फोटो वीस ते पन्नास केबी.
सही दहा ते वीस.
पार्श्वभूमी पांढरी, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
मोबाइलमधून येतो तेव्हा चार एमबीचा असतो माणूस.
मागे मेसची भिंत, दोरीवरचा टॉवेल,
हनुवटीवर घाईत दाढी करताना कापलेलं.
मी आधी भिंत काढते, मग टॉवेल,
मग पट्टी डावीकडे सरकवत नेते:
ऐंशी, साठ, पस्तीस.
कोणी विचारलंच, ताई, नक्की काय कमी केलंत,
तर सांगते, डोळ्याला जे कळत नाही
ते आधी जातं.
मलाही हे कोणीतरी सांगितलेलं. कोणी, आठवत नाही.

ज्ञानोबा केंद्रे सात वर्षं येतोय.
लोह्याहून आला त्या आठवड्यात काढलेला फोटो,
दर जाहिरातीला तोच.
पहिल्यांदा मीच अठ्ठेचाळीसवर आणून दिला होता.
मूळचा स्वारगेटला मोबाइलबरोबर चोरीला गेला,
हा लहान तेवढा पेनड्राइव्हवर उरला.
मग एका खात्याला चाळीसच्या आत हवा होता,
दुसऱ्याला आडवा कमी, उभा जास्त,
लहान केलेला पुन्हा लहान,
सेव्ह, पुन्हा लहान.
मिशी आधी केसांची होती, मग रेघेची झाली,
आता चौकटींची आहे.
शर्टावरच्या निळ्या रेघा कुठल्या साली गेल्या
ते त्यालाही सांगता येणार नाही.
"हा तू आहेस हे मला माहीत आहे," मी म्हटलं,
"त्यांना कसं कळायचं?"
"त्यात चेहरा बरा आहे," म्हणाला.

काल शेवटची तारीख. रात्रीचे सव्वाअकरा.
साइट नुसती गोल गोल फिरत होती.
मी त्याला भिंतीशी उभा केला,
मागे कार्डशीट, चार कोपऱ्यांना टेप.
रांगेतल्या एका मुलीने वहीचं कोरं पान
छातीशी धरलं त्याच्या, उजेड वर फेकायला.
चार पूर्णांक दोन एमबी.
स्क्रीनभर मोठा करून दोघांनी पाहिला.
कानशिलावर पांढरे.
नाकावर चष्म्याचे दोन खड्डे.
डाव्या भुवईत एक केस उलटा.
शेजारचा प्रिंटर कागद ओढत राहिला.

पट्टी सरकवली.
पांढरे पंचावन्नलाच गेले.
खड्डे चाळीसला.
सत्तेचाळीस केबीवर मी हात काढला.
तो पुढे वाकून म्हणाला,
"बघा, तसाच आहे की."

फोटो घेतला.
सही घेतली नाही. लाल अक्षरं:
फाईल मर्यादेपेक्षा लहान आहे.
मी पुन्हा वाचलं. लहान.
नऊ केबी.
मोठ्याचं लहान करण्यात इतकी वर्षं गेली की
खालचाही एक आकडा असतो
हे डोक्यातून निघूनच गेलं होतं.
अगदीच पुसलेला माणूस त्यांनाही चालत नाही.

"नवी कर. जाड, आणि जरा मोठी."
तो कोऱ्या कागदापुढे अडला.
आजवर फक्त एक ज्ञा आणि एक रेघ,
तीही कोपऱ्यात.
मी गल्ल्यातला काळा मार्कर दिला.
कागद आडवा फिरवून त्याने अख्खं नाव लिहिलं,
मध्ये वडिलांचं माणिकराव घेऊन,
इतकं ऐसपैस की केंद्रेमधला अनुस्वार
कागदाबाहेर, माझ्या टेबलावर पडला.

चौदा केबी. अकरा चोपन्न.
स्कॅनमध्ये तो ठिपका आला नाही अर्थात.
टेबलावर आहे अजून.
थिनरने निघेल म्हणतो समोरचा स्टेशनरीवाला.
बघू.