एका खड्ड्यापुरती जागा

फाटकापासून जोत्यापर्यंत नऊ फूट,
बापनांच्या भिंतीपर्यंत अकरा.
मधे पाण्याच्या मीटरचं झाकण, त्याचे दोन वजा.
सुदामानगरात एवढ्याला बाग म्हणतात.
आम्हीही म्हणतो.

मी म्हटलं, शेवगा.
निमा म्हणाली, बकुळ.
नर्सरीवाला गेंदालाल म्हणाला,
"सुरजना बोलो ना, बैनजी. और वो दूसरी, मौलसिरी."
खंडवा रोडच्या त्या हिरव्या जाळीखाली
दोन झाडांची चार झाडं झाली
आणि आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

एकतीस वर्षं मी पोस्टात बचतीच्या खिडकीवर बसले.
झाडालाही आधी मुदत विचारते.
शेवगा: फांदी खोचा, वर्षात शेंगा.
पाला, फुलं, शेंगा, सगळं पातेल्यात जातं.
पाण्यावाचून अडत नाही,
आणि आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते.
बकुळ: सात वर्षं, आठ, कधी दहा.
तोवर नुसती चकचकीत पानं,
पाहुण्यांसमोर आणून बसवलेल्या मुलीसारखी.

मग निमाचं सुरू झालं.
शेवगा ठिसूळ, वावटळ आली की थेट बापनांच्या स्कूटरवर.
शेवग्याला केसाळ अळ्या,
खोडानं गोधडी पांघरावी तशा.
आणि ती बारीक पिवळी पानं
ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावरून
सकाळच्या गाडीवाल्याशी रोज कोण भांडणार?
शिवाय आई म्हणायची, दारात शेवगा नको.
का नको, ते आईनं कधी सांगितलं नाही.
शेंगा मात्र शेजारून मागून आणायची.

सुकलं तरी बकुळीचं फूल वास सोडत नाही,
हे सगळ्यांनाच माहीत असतं.
निमानं ते काढलंच नाही.
ती म्हणाली, "सावली घट्ट असते तिची.
खाली खुर्ची टाकता येते."

खुर्ची, म्हणाली.
खुर्च्या नाही.

मी चौसष्टची, ती अठ्ठावन्नची.
दोन्हींत आठ आठ मिळवून पाहिले,
खिडकीवर मिळवायची तसे, ओठ न हलवता.
तिनं ते माझ्या आधीच केलेलं असणार.
रात्री दूध उतू गेलं.
कोणी कोणाला बोललं नाही.

श्रावणात बकुळ आली, काळ्या पिशवीत, गुडघ्याएवढी.
माती कुदळीला सोडेना.
दर घावाला थांबून बोटानं निपटावी लागली.
रोप कलायला लागलं, म्हणून
बापनांनी छाटून टाकलेल्या ढिगातली
एक काठी उचलली, सालीसकट, मनगटाएवढी,
आणि शेजारी ठोकली.
सुतळी बांधली, सैल, इंग्रजी आठासारखी.
काठी कसली ते मी पाहिलं नव्हतं.
पाहिलं नव्हतं, असं निमाला सांगितलं.

पंधरा दिवसांत काठीला डोळे फुटले.
महिन्यात पालवी.
"काप ती," निमा म्हणाली, "मुळं गुंतायच्या आत."
तेव्हापासून दर रविवारी मी कोयता घेऊन जाते
आणि ओंजळभर पाला खुडून परत येते.
मुगाची डाळ भिजलेलीच असते.
कोण भिजवतं, मी विचारत नाही.

आता काठी फाटकाच्या वर गेली आहे.
बकुळीला यंदा नवी पानं पाच,
त्यातलं एक गोगलगायीनं खाल्लेलं.
सुतळी परवा सोडवली, काचायला लागली होती.

काल गेंदालाल रस्त्यानं जाताना थांबला.
खड्ड्याकडे बघून हसला,
"दोनों तो नहीं चलेंगे, बैनजी. किसको रखोगे?"
निमानं पाइप ओढत ओढत आणला,
नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं
आणि म्हणाली,
"आज नल का दिन है, भैया. बाद में आना."