मागचं घड्याळ

सातवी ब ला मी सांगितलं,
चाल म्हणजे अंतर भागिले काळ,
हे फळ्यावर लिहून लिहून माझा खडू झिजलाय,
आता तुम्ही मला शिकवा.
घरचा मोबाइल, दीड मिनिट, आवाज तुमचाच.

सोमवारी वर्गातल्या टीव्हीवर
घणसोलीतलं एकेक घर उघडत गेलं.
रुचिता मढवीने काकाची होडी मोजली,
धक्क्यापासून तिसऱ्या खांबापर्यंत.
एकाने बापाची रिक्षा, सिग्नलसकट.
मग प्रज्योत शेडगे.

प्रज्योत हजेरीला हजर म्हणत नाही.
ह पाशी त्याचा रस्ता बंद असतो.
तो हात वर करतो,
मी मान डोलावते आणि पुढचं नाव घेते.

माथाडी वसाहतीतली खोली.
फरशीवर मुंगी, शेजारी शाळेची पट्टी,
आणि कॅमेऱ्यात बघून तो बोलतोय:
ही मुंगी. हिने तीस सेंटिमीटर
बारा सेकंदांत कापले,
म्हणजे सेकंदाला अडीच.
एक अक्षर अडलं नाही.
सुटलेल्या नळासारखा आवाज.
वर्ग गप्प. मीही.

"बाई," रुचिता म्हणाली, "मागचं घड्याळ बघा."

भिंतीवर, पतपेढीने वाटलेलं, मोठ्या आकड्यांचं.
सुरुवातीला चार दहा.
"ही मुंगी" म्हणताना चार सतरा.
"हिने तीस" ला पाच वाजायला आले होते.
"बारा सेकंदांत" च्या मागे एक माणूस
बाजारातून येऊन पाठमोरा शर्ट काढत होता,
"कापले" मध्ये तो नव्हता.
"अडीच" म्हणेस्तोवर पावणेसहा,
खिडकीतला उजेड पिवळा पडलेला.

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं.
मग कुणीच नाही.
भागाकार तसा सोपा होता.

सुटल्यावर मी विचारलं, मधलं सगळं टाकून दिलंस?
त्याने मान हलवली. नाही.

रात्री भांडी आवरून मी ते पाहायला बसले.
त्रेचाळीस तुकडे.
त्यांत तो ओठ मिटून उभा आहे
आणि भोवती बाकी सगळं बोलतंय,
कुकर, खालचा भंगारवाला,
दाराआडून आई, झालं का रे?
मुंगी केव्हाच निघून गेलेली.
तो गुडघ्यांवर दुसरी शोधतोय.
एका तुकड्यात तो वळून घड्याळाकडे बघतो
आणि ते तिथेच राहू देतो.

मला माझी मान आठवली,
हजेरीच्या वेळी किती पटकन डोलते.

फार काही केलं नाही मी.
थांबायला लागले.
मंगळवारी नऊ सेकंद लागली.
बुधवारी तो मुद्दामच हात वर करून बसला,
हसत, बघू बाई किती थांबतात म्हणून.

दुसऱ्या सत्रात सगळ्यांचे व्हिडिओ
त्याच्याकडेच जायला लागले कापायला.
रुचिता त्याच्या डोक्याशी उभी राहून ओरडते,
अरे इथून काढ, मी इथे नुसती थांबलेय!
तो काढत नाही.
स्क्रीनवर बोट ठेवतो, जिथे तिने श्वास घेतलाय,
आणि पुन्हा लावून दाखवतो.

गेल्या आठवड्यात त्याने माझाच पाठ जोडला. घर्षण.
सहा मिनिटांत मी सतरा वेळा
कळलं का? म्हणते.
इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.
सोळा त्याने काढले.
एक ठेवला.
त्याच्यापुढे मी खडू धरून उभी आहे
आणि खिडकीजवळची एक मुलगी
मान हलवते, नाही.
ती चार सेकंदं त्याने तशीच सोडलीत.