खिळा

धनज फाट्यावरल्या सलूनात, आरशाच्या वर,
वस्तादाचा फोटो होता.
मोडलेले कान, खांद्यावर गदा.
त्याची नागपंचमीची कुस्ती पाह्याले
मी ऐन डवरणीत दोन दिवस वावर सोडलं होतं.

सुकेशनीनं आखाडा सोडला
तवा याच खुर्चीत बसून म्हटलं मी,
पोरीच्या जातीत दम नसते.

मग ती बोलली. चारचौघात, फाट्यावर.
“डाव शिकवतानाचा हात येगळा असते, काका.
अंगाले समजते.”

कोनी काही म्हटलं नाही.
मी आठवत होतो त्याले वाजवलेल्या टाळ्या.
त्या वापस मागाव कोनाले?

फोटो कोनं उतरवला, इचारलं नाही.
खिळा तसाच आहे.
दाढीसाठी मान वर केली का
नजर तिथंच जाते,
अन् गळ्यावर वस्तरा असते.