पीळ

ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी बारा वाजता
वादळाचा भोंगा वाजवून पाहतात.
पहिल्या शनिवारी आम्हाला कुठे ठाऊक?
जादा तास अर्धा सोडून जिन्याखाली जाऊन बसलो,
अकरा देशांचे अकरा विमान-निरीक्षक,
गुडघे पोटाशी घेऊन.
व्हर्लिन हॅचर दारात उभा, हातात कॉफी.
"चाचणी आहे. आकाश निळं असतानाच घेतो,
काळं झाल्यावर शंका नको."

त्याची बोटं जाड. एका नखाखाली
जुन्या नोकरीतलं ग्रीस अजून मुक्कामाला.
त्यानं टेबलावर दोन बोल्ट ठेवले
आणि वीतभर बारीक तार.
तार दुहेरी करा, पीळ द्या,
एकाच्या डोक्यातून काढून दुसऱ्याच्या डोक्यात ओवा,
अशी, की एक सैल पडू लागला
तर ओढ दुसऱ्याला आवळण्याकडेच जावी.

ओयुनबिलेगचा पीळ पहिल्याच खेपेला एकसारखा.
चिकोंडीची तार तीनदा तुटली.
"आमच्या कचेरीत निरीक्षक दोन," तो म्हणाला,
"दुसरा मार्चमध्ये निवृत्त होतोय."
हसलं कोणी नाही. त्यानं चौथी तार घेतली.

माझा पीळ उलटा गेला होता.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात आमच्याकडे,
पण ते ताठ्याबद्दल.
हा पीळ जातो. पक्कड लावून मी सोडवायला गेले
तर व्हर्लिननं हातातून काढून कचऱ्यात टाकला.
एकदा पिळलेली तार पुन्हा वापरायची नाही.

"आणि टोक आत वळव.
हे झाकण पुढे कुठे उघडेल, काय सांगावं.
लिमा. काठमांडू. तुझं नागपूर.
अंधारात हात घालणाऱ्याला टोचायला नको."

दुपारी चिठ्ठ्या वाटल्या.
नाव नको, देश नको.
जे पाहायला हवं होतं आणि पाहिलं नाही,
असं एक काहीतरी लिहा.
बराच वेळ नुसता एसीचा आवाज.

मी लिहिलं:
पहाटेचे तीन. धुकं नव्हतं, सबब नव्हती.
विमानाला उशीर होत होता.
शिडी आणायला माणूस पाठवावा लागला असता.
तपासलं, असं लिहून मी सही केली.
विमान गेलं, आलं, पुन्हा गेलं.
काही झालं नाही.

शेवटची ओळ मी खोडली.

व्हर्लिन वाचत गेला, एका सुरात, सामानाची यादी वाचावी तसा.
तिसरी चिठ्ठी: "उशीर होत होता. शिडी लांब होती."
माझे कान तापले.
कागद त्यानं खाली ठेवला तेव्हा दिसलं,
शाई हिरवी. माझी नव्हती.
सहावीत पुन्हा शिडी. माझी आली नववी.
यांगजी खिडकीबाहेर तांबड्या मातीकडे बघत होती,
बाकीचे आपापल्या बोल्टकडे.
कोणाची हिरवी शाई, ते मी अजून विचारलेलं नाही.

बारावी चिठ्ठी त्याची स्वतःची.
ती त्यानं कागदाकडे न बघता म्हटली.

परतीच्या दिवशी विमानतळावर
माझ्या पिशवीतून दोन बोल्ट निघाले, मध्ये तार.
निळ्या हातमोज्यांतली पोरगी, विशीतली असेल.
"हे काय?"
सांगायचं तर भोंग्यापासून सांगावं लागलं असतं.
मागे रांग वाढत होती,
कोणीतरी घड्याळ बघून सुस्कारा सोडला.
तिनं घाई केली नाही.
दिव्याखाली धरलं, फिरवलं,
तारेवरून बोट नेत नेत
आत वळवलेल्या टोकाशी आली,
दाबून पाहिलं.

टोचलं नाही.