मिठाचा दगड

विस्कॉन्सिन. नोव्हेंबर. पेट्रोलपंपामागच्या शेडमध्ये
मी हरणांच्या मानेतून गाठी काढते,
सुपारीएवढ्या. बाटली, बारकोड, तारीख.
निकालाला दहा दिवस, तोवर मांस खाऊ नका,
हे वाक्य दिवसातून साठदा.

डोलोरेस ह्यूबनर आज शिकार न घेताच आली.
हातात खात्याची नोटीस, घडीवर कॉफीचा डाग:
परसात मका, चारा, मिठाचे दगड
ठेवण्यास सक्त मनाई.
एका दगडावर दहा जिभा, मी समजावू लागले,
आणि रोग लाळेतून

"दगड मी ऑगस्टातच उचलला," ती म्हणाली.
"वर्ननचा होता. तो गेला त्याच आठवड्यात.
पण ती अजून येतात.
माती चाटतात. गुडघाभर खड्डा पडलाय."

मी नियमावली चाळली.
खड्ड्याचं कलम नव्हतं,
खाल्ल्या मिठाला जागणाऱ्यांचंही.

भरून टाका, म्हटलं, वरून कुंपण घाला.
बरं, म्हणाली. गेली मात्र नाही.
ट्रेमधल्या डोक्याच्या ओठावरचा बर्फ
तिनं अंगठ्यानं पुसला,
जेवून उठलेल्या पोराचं तोंड पुसावं तसा.

हातमोजे, मी म्हटलं.
डोलोरेस, हातमोजे घाला.