पान चौदा

चौकटीतला मजकूर मोठ्यानं वाचायचा,
बाकीचा फक्त मी बघायचा, असा नियम.
म्हणून पुठ्ठ्याच्या आडोशाला पान चौदा धरून
मी आवाज जड केला:
'संध्याकाळ. समोर नदी. पल्याड काळा किल्ला…'

वडगावात ईरण्णाच्या बापाच्या शेडमध्ये
रविवारी माग बंद.
सुताच्या पेटीवर नकाशा, नकाशावर फासे,
फाशांना चिकटलेला कापूस.
मोहीम कुणा लांबच्या माणसानं लिहिलेली,
मी तिसऱ्या गेटजवळ झेरॉक्स काढलेली,
चौसष्ट पानं, एक उलटं लागलेलं.
'स्वतः रच की गा एखादी,' भैरू दर वेळी म्हणतो.
आठवडाभर उद्यमबागेत लेथवर
मी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून बुश काढतो,
त्याची कधी लाज वाटली नाही.

पुस्तक सांगतं: आता ते किल्ल्याकडे निघतील.
पुस्तकाला शाझिया माहीत नाही.
'नावाडी कुठल्या भाषेत बोलतो?'

पान चौदा. पंधरा. परिशिष्ट.
नावाड्याला एकच ओळ: दोन नाणी घेतो.
'त्या राज्यात सगळ्यांची भाषा एकच असते,' मी म्हणालो.
आधी भैरू हसला. मग सगळेच.
शेडच्या पाटीवरचं जुनं नाव
नव्या रंगाखालून अजून वाचता येतं.

'मग मी कन्नडात विचारतो,' ईरण्णा म्हणाला.
फासा मी पुठ्ठ्याआड टाकला. सात.
सातला नावाडी तोंड फिरवतो.
'एकोणीस,' मी सांगितलं,
आणि अथणीच्या मामाचा सूर लावला:
'बर्री, बर्री! नाणी ऱ्हाऊ द्यात.
पल्याड लेक दिलीया माझी,
तिला एवढं गाठोडं पोचवा.'

'गाठोड्यात काय?'
मलाही ठाऊक नव्हतं.
'कडक भाकरी. शेंगाचटणी.'
शाझियानं ते आपल्या सामानाच्या यादीत लिहिलं,
तलवारीच्या वर.

सात वाजेपर्यंत ते लेकीचं घर शोधत होते.
तिकडं पान चाळीसवरचा सरदार
आपली चौकट पाठ करून
अंधारात उभाच.

जाताना ईरण्णानं मागांवरची ताडपत्री सारखी केली.
मी पान चौदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं:
नावाडी मल्लाप्पा. एक मुलगी, पल्याड.
पुढं कुणी माझ्या प्रतीवरून झेरॉक्स काढली
तर हेही उमटेल,
फिकट.